शोषखड्ड्यानं सगळं भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की घरटी एक शोषखड्डा काढला की गावचं सांडपाणी मिटलं. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या तांबड्या मातीत चालेल हो. पण आमच्या काळ्या रानात खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब भरला, आणि पाणी परत मोरीत!

हिशेब करून बघा. माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं, तर त्यातलं ८० टक्के गटारात जातं. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाचं रोज ८८ हजार लिटर. एवढं पाणी मुरवायचं कुठं? ते ओढ्यालाच जाणार, ओढा मार्कंडेय नदीला आणि मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला. बेळगाव शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यानं शहापूर-वडगावच्या भातशेतीची काय दैना केली, ते दर पावसाळ्यात दिसतंच.

मला स्वतःला कर्दळीचा वाफा पटतो. आधी टाकीत गाळ बसवायचा, मग कर्दळ लावलेल्या खडीच्या दोन-अडीच फूट खोल वाफ्यातून पाणी हळूहळू सोडायचं. खडीवर वाढणारे जिवाणू घाण खातात. पाणी खडीच्या पृष्ठाखालून वाहतं, म्हणून डास होत नाहीत. वीज जवळजवळ लागतच नाही. आमच्याकडची लोडशेडिंग बघता हे महत्त्वाचं. जागा मात्र लागते, माणशी एक-दोन चौरस मीटर.

पावसाचं पाणी वेगळ्या गटारानं काढा, नाहीतर वाफा वाहून जाईल. आणि टाकीतला गाळ कोण, कधी उपसणार ते पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) आधी लिहून घ्या. आमच्याकडं तिथंच घोडं अडलंय.