खाऱ्या हवेत टिकेल असं रेलिंग कुठलं? मदत हवी आहे

मालवणला घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. मागच्या दारी ४ फूट उंच डेक केलाय, रेलिंग आणि पायऱ्या राहिल्यात. आधीचं एमएसचं (साध्या लोखंडी स्टीलचं) रेलिंग रेड ऑक्साइड, ऑइलपेंट सगळं मारून पण दोन पावसाळ्यात वेल्डिंगपाशी गंजलं, शेजाऱ्यांच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर पण तांबूस डाग आलेत, ३१६ ग्रेडचं टिकतं पण महाग. काच नको, रोज मीठ कोण पुसणार! घरात ३ वर्षांचं पोर आणि आजी, म्हणून गॅप ४ इंचाच्या आत हवा आणि आडव्या पट्ट्या नकोत, पोर लगेच चढतं. पायऱ्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), ६ इंच उंचीच्या करतोय पण पावसात शेवाळ धरतं. सगळंच ३१६ घेऊ की उभे गज सागवानी आणि फक्त हँडरेल ३१६ चा? आणि चिऱ्यावर पाय घसरू नये म्हणून तुम्ही काय बसवलंत?