अख्खं घर क्रूझवर: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

आईला यंदा 75 वं लागतंय. हॉल घेऊन पंगती उठवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं, असं भावंडांनी ठरवलंय. आम्ही अकरा जण, सगळ्यात धाकटा चार वर्षांचा. आमच्या घराण्याचा बोटीचा अनुभव म्हणजे गंगापूर धरणावरचा बोट क्लब, तोही अर्धा तास. चकचकीत पत्रकं वाचून झालीत. घरच्या मंडळींना घेऊन जे खरंच जाऊन आलेत त्यांनी लिहा. फजितीसुद्धा लिहा, ती जास्त उपयोगी पडते.

कॉलेजरोडची सून
आम्ही सात जण, सिंगापूरहून चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. मुलांचं विचारूच नका. घसरगुंड्या, पोहण्याचा तलाव, हवा तेव्हा पिझ्झा. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. पहिल्या संध्याकाळी त्या बुफेत रिकामी ताटली घेऊन दोन फेऱ्या मारून आल्या आणि "मला भूकच नाही" म्हणाल्या. हे बुकिंग करतानाच लेखी सांगायचं असतं, ते आम्हाला तिथे कळलं. चहासाठी नेलेली विजेची किटली तपासणीत काढून घेतली. आगीच्या भीतीने किटली, इस्त्री चालत नाही. उतरताना परत दिली म्हणा.

फुकेतला मात्र बोट चुकता चुकता राहिली. बोटीवर घड्याळ सिंगापूरचं आणि थायलंड एक तास मागे. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहिली, पाटोंगच्या किनाऱ्यावर छोट्या बोटीने नेलं. उतरल्याबरोबर आमचे सगळे मोबाईल गुपचूप तासभर मागे गेले. परतीची शेवटची छोटी बोट साडेचारची, बोटीच्या वेळेने. आम्ही तीन वाजलेत म्हणून आरामात शहाळी पीत बसलेलो. तेवढ्यात सासरे म्हणाले, "अगं, चार वाजून गेले की." त्यांच्या मनगटावर चावीचं जुनं एचएमटी होतं, त्याला थायलंड आल्याचं कोण सांगणार! शहाळी तिथेच टाकून पळालो. सासूबाई एका हातात चपला घेऊन वाळूतून धावल्या, तो व्हिडिओ लेकीने काढलाय, पण दाखवायला बंदी आहे.

सिडकोतला मामा
फोन फ्लाइट मोडवर टाका, सगळ्यांचे, आणि स्वतः तपासा. भर समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. भाच्याने रात्रभर चालू ठेवला. बिलाचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

सातपूरकर (निवृत्त)
तुम्ही सी-सिकनेस म्हणता, आमच्याकडे 'बोट लागली' म्हणायचे. ज्यांना कसारा घाटात बस लागते त्यांना बोटही लागू शकते. केबिन घेताना बाल्कनीच्या मोहात सगळ्यात वरचा मजला आणि टोकाची खोली घेऊ नका. सी-सॉ आठवा: टोकावरचा उडतो, मधला जागच्या जागी. खालचा मजला, बोटीचा मध्य, हे माझं मत. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी आडवं डोलणं कमी होतं. पुढून-मागून हेलकावे मात्र बसतातच. गोळी पोटात ढवळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची, आणि आईंना बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. मी आलेपाकावर निभावलं. शक्यतो पावसाळा टाळा, अरबी समुद्र तेव्हा खवळलेला असतो.

इंदिरानगरहून
मी जरा वेगळं लिहितो. आम्ही नऊ जण, चार केबिन, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर. "शेजारी-शेजारी मिळतील" असं एजंट तोंडी म्हणाला होता. केबिन नंबर हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. शिवाय माणशी, दर दिवशी सर्व्हिस चार्ज खात्यावर चढत होता, लहान मुलाचाही. आमच्या पॅकेजमध्ये तो धरलेला नव्हता. आणि एकत्र म्हणून गेलो खरे, पण मुलं पाण्यात, भाऊ कॅसिनोत, वहिनी शोला. सगळे एकत्र भेटलो ते शेवटच्या रात्री, बॅगांना टॅग लावून दाराबाहेर ठेवताना. तेवढ्या पैशात दिवेआगरला आठवडाभर राहिलो असतो.

पंचवटीतला नातू
आमची मुंबईहून गोव्याची होती. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. गाडी घेऊन घाटात अडकण्यापेक्षा हे बरं.

धागाकर्तीच्या आईंसाठी आमच्या आजीचं सांगतो. आजीचं माहेर अलिबागकडचं. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा सात वर्षांची, आळीतलं रडणं तिला आठवतं. त्यामुळे "बोट" म्हटल्यावर ती आधी नाहीच म्हणाली.

चढल्यावर सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावतात. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब. ही कवायत निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, त्यानंतर नियम कडक झाला. बाकीचे लोक जांभया देत उभे, आजी मात्र पहिल्या रांगेत. तिने कवायत घेणाऱ्या मुलीला मराठीत विचारलं, "आमची होडी कुठली?" मुलगी निघाली रत्नागिरीची. तिने आजीला हाताला धरून नेलं आणि वर टांगलेली केशरी होडी दाखवली.

आजी नंतर दोन्ही दिवस मजेत होती, पत्ते खेळली, गरब्यातही शिरली. फक्त संध्याकाळी जेवायला जाण्याआधी मला घेऊन डेकवर जायची, मान वर करून होडी जागेवर आहे का बघायची आणि म्हणायची, "आहे. चल."