मदत हवी आहे : आईच्या फोनमधली मराठी नावं लिनक्सवर येताना विस्कटतात

मंडळी, आईचा फोन म्हातारा झालाय, बॅटरी दुपारीच मान टाकते. तो कायमचा बंद पडायच्या आत तिचे नंबर माझ्या लिनक्स मिंटच्या कॉम्प्युटरवर आणायचेत. पुढेही तिने नवा नंबर घातला की तो इकडे आपोआप यायला हवा. नावं जवळजवळ सगळी मराठीत : 'सुनंदा भजनवाली', 'गॅसवाला नवीन', 'गॅसवाला जुना उचलत नाही'.

आधी फोनमधून व्हीसीएफ फाइल (सगळे नंबर एकत्र असलेली) काढून अ‍ॅड्रेस बुकात घेतली. इंग्रजी नावं नीट आली, पण सुनंदाच्या जागी '=ई०=ए४=बी८…' अशी लांबलचक माळ (अक्षरं अर्थात रोमन). फाइल एडिटरमध्ये उघडली, तिथेही तेच.

मग मिंटवर रॅडिकाले (नंबर साठवणारा घरचा सर्व्हर) बसवलं, फोनवर डेव्हएक्स ५ (फोनमधले नंबर त्या सर्व्हरशी जुळवत राहणारं अ‍ॅप). मिंटच्या ब्राउझरमध्ये रॅडिकालेचं पान उघडतं, फोनवरून जोडणीच होत नाही. वायफाय एकच. 'गूगलवर टाका' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद :
कुठलं अ‍ॅड्रेस बुक ते लिहिलं नाहीत, पण फाइल धड आहे. फोनने व्हीकार्ड २.१ (व्हीसीएफचा जुना प्रकार) लिहिलंय, त्यात मराठी अक्षराचे तीन बाइट असे सुटे लिहितात. तुमची ती माळ 'स'ने सुरू होते. शोधा-बदला करत बसू नका; लांब नावं शेवटी = टाकून पुढच्या ओळीत जातात, तिथे हमखास फसाल.

रॅडिकाले मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरून आलेलं ऐकतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये होस्ट्सपुढे ०.०.०.०:५२३२ (म्हणजे बाकी उपकरणांचंही ऐक, पोर्ट ५२३२) लिहा, पासवर्ड लावा, मिंटच्या फायरवॉलमध्ये ५२३२ उघडा (राउटरवर नको!) आणि फोनला मिंटचा आयपी द्या.

आता तीच फाइल परत फोनमध्येच आयात करा. कुठे साठवायचं विचारेल तेव्हा डेव्हएक्सचं खातं निवडा. आपलंच लिहिलेलं फोनला वाचता येतं, आणि तिथून पुढे नावं सरळ यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं जशीच्या तशी) जातात. फोनच्या स्वतःच्या खात्यातले नंबर डेव्हएक्स बघतही नाही, तेव्हा नवे नंबरही याच खात्यात घालायला आईंना सांगा.

धागाकर्ता :
आल्या, सुनंदाताई आल्या! पण फोनवर आता प्रत्येक नाव दोनदा दिसतंय. जुन्या खात्यातली उडवू?

प्रतिसाद :
आधी मिंटवर मोजा. व्हीसीएफ बाजूला जपून ठेवा. मग उडवा.

धागाकर्ता :
फाइलमध्ये २१४, मिंटवर २१४. दोन्ही गॅसवाल्यांसकट. उडवतो.