एप्रिलच्या दुपारी विमान नीट उतरत नाही : दोष माझ्या हाताचा की हवेचा?

प्रश्न : विद्यार्थिनी वैमानिक, गोंदिया जिल्हा

सर्वांना नमस्कार. माझे 16 तासांचे उड्डाण झाले आहे, सोलो (प्रशिक्षकाविना एकटीने उड्डाण) अजून झालेले नाही. आम्ही सेसना 172 वर शिकतो आणि आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फूट उंचीवर आहे. फेब्रुवारीत माझी सर्किट्स (उडून धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरणे) बरी होत होती. इन्स्ट्रक्टर सरांनी दोनदा हात न लावता मला विमान उतरवू दिले होते. एप्रिल लागल्यापासून मात्र, विशेषतः सकाळी अकरानंतरच्या पाळीत, सगळेच बिघडले आहे. विमान लवकर जमीन सोडत नाही, सोडल्यावरही रडतखडत चढते, फायनलवर (उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेतील शेवटच्या टप्प्यात) कधी वर उचलले जाते तर कधी एकदम खाली बसते, आणि शेवटी जमीन इतक्या वेगाने अंगावर येते की मी नकळत नाक वर ओढते. मागच्या आठवड्यात अशाच वेळी सरांनी योक (नाक वर-खाली करण्याचा दांडा) पुढे ढकलला, स्वतः पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) दिला आणि गो-अराउंड केले, म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेले. पुढच्या विद्यार्थ्याची वेळ झालेली असल्याने त्यावर सविस्तर बोलणे झाले नाही. माझे वडील धानाची शेती करतात, शिक्षणासाठी कर्ज काढलेले आहे आणि प्रत्येक वाढीव तासाचा विचार घरात होतो, म्हणून स्पष्टपणे विचारते : माझा हातच बिघडला आहे का?

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, नागपूर

हात बिघडलेला नाही, परंतु डोळा फसतो आहे, आणि तो का फसतो हे आकड्यांतच समजून घ्यावे. प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरवलेल्या आदर्श हवेत) 1,000 फुटांवर तापमान सुमारे 13 अंश धरलेले असते. आपल्याकडे दुपारी 43 अंश असेल, तर हवा प्रमाणापेक्षा 30 अंशांनी तापलेली आहे. प्रत्येक अंशामागे साधारण 120 फूट या हिशेबाने 3,600 फूट वाढतात आणि डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाण वातावरणात हवा इतकी विरळ जिथे असते ती उंची, 4,600 फूट होते. म्हणजे धावपट्टी गोंदियात असली तरी विमानाच्या दृष्टीने तुम्ही चिखलदऱ्याहूनही उंच ठिकाणावरून उडत आहात. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, प्रोपेलरची ओढ घटते आणि पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी प्रत्यक्षात जास्त वेगाने धावावे लागते. तुमची लांबलेली धाव आणि मंद चढ यांचे कारण एवढेच आहे.

आता उतरण्याविषयी, कारण खरा धोका तिथे आहे. फायनलवर तुमचा वेगमापक 65 नॉट दाखवत असेल, तर या हवेत विमानाचा खरा वेग 70 नॉटच्या जवळपास असतो. वारा तोच असेल तर जमीन तेवढ्याच जास्त वेगाने मागे पळताना दिसते आणि थंडीत तयार झालेली नजर सांगते की आपण फार वेगात आहोत. त्या सांगण्यावर विश्वास ठेवून नाक ओढले की वेगमापक 65 वरून खाली घसरू लागतो, आणि स्टॉल (पंखांची उचल अचानक कोसळणे) त्या काट्याशी बांधलेला आहे, जमिनीच्या पळण्याशी नव्हे. सरांनी योक पुढे ढकलला तो यासाठीच. उन्हाळ्यातही काटा 65 वरच ठेवा, विमान धावपट्टीवर थोडे जास्त तरंगेल हे आधीच गृहीत धरा, आणि फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक हळूच उचलताना) नजर नाकासमोरच्या डांबरावर न ठेवता धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या.

उत्तर : व्यावसायिक वैमानिक परवानाधारक, चंद्रपूर जिल्हा

वरील हिशेबात एक भर घालतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात हवेचा दाबही उतरलेला असतो. क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) 1003 असेल, तर प्रमाण दाब 1013 असल्यामुळे आणखी साधारण 300 फूट वाढतात, आणि दुपारचा आकडा 5,000 फुटांच्या आसपास जातो. नवतपा (मेअखेरीचे नऊ तापते दिवस) संपता संपता हवा दमट होऊ लागते. घामाने आपल्याला ती जड वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने विमानाला ती आणखी विरळच लागते.

वर उचलले जाणे आणि खाली बसणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलीला ते समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. उन्हाळ्यात शेतात वावटळ उठते, तेव्हा तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा धुळीमुळे आपल्याला दिसते. धूळ नसेल तेव्हाही ती चढतच असते, फक्त दिसत नाही. तुमच्या फायनलखाली काय काय आहे हे एकदा नीट पाहा. कापणी होऊन कोरड्या पडलेल्या बांध्या असतील तिथे विमान उचलले जाईल, आणि उन्हाळी धानाची ओली शेते किंवा तलाव आला की ते बसेल. कोणती जमीन कुठे येते हे पाठ झाले, की धक्का बसण्यापूर्वीच हात थ्रॉटलवर तयार राहतो. धावपट्टीजवळ वावटळ दिसली, तर उतरण्याचा हट्ट न धरता गो-अराउंड करावे.

उत्तर : प्रशिक्षक, अमरावती

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण सोलो होईपर्यंत दुपारची सर्किट्स करूच नयेत असे माझे मत आहे. लँडिंगचा हात अजून बसलेला नसताना भोवऱ्यांतून उतरण्याने शिकणे कमी आणि धास्ती जास्त होते. सरांना विनंती करून सकाळी सहाची पाळी मागा. खर्चाची काळजी रास्त आहे. तरीही लक्षात घ्या की सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) एकूण 200 तास लागतात आणि प्रशिक्षकासोबतचे वाढीव तासही लॉगबुकात त्याच एकूण तासांत धरले जातात. ठरलेल्या शुल्कात ते बसतात की वेगळे आकारले जातात, एवढे मात्र लेखी विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नाक ओढण्याचे कारण वाचून बराच वेळ विचार करत बसले, कारण मी आजवर ते घाबरटपणा समजत होते. रात्री विमानाच्या हस्तपुस्तिकेतील टेक-ऑफचा तक्ता काढून उद्याचा हिशेब मांडला : सकाळी सहाला 28 अंश धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड 2,800 फूट, दुपारी 43 अंशांना 4,600 फूट. सकाळची पाळी मागितली आहे. दुपारचे एक उड्डाण मात्र सोलोपूर्वी सरांसोबत जरूर करीन आणि त्या वेळी शेवटच्या वळणापासून वेगमापक मोठ्याने वाचत उतरेन.