मदत हवी आहे: सिकलसेलच्या पेशंटसाठी कॅज्युअल्टीत लेखी नियम लावून घ्यायचा आहे, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरात आम्ही काही पालक सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतो. रक्ताची सोय, दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) ही कामं आता पाठ झालीत. अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

थंडी पडली की क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचे झटके, वाढतात. रात्री पोराला कॅज्युअल्टीत नेलं की जखम नाही, सूज नाही, म्हणून ड्युटीवरचा नवा डॉक्टर बाकावर बसवून ठेवतो. हाडातलं दुखणं बाहेरून दिसत नाही ना! मोठ्या मुलांना तर ‘इंजेक्शनची सवय लागली काय?’ हेही ऐकावं लागतं. मग आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतो, ते तिकडे बोलतात, तेव्हा कुठे सलाईन लागते. गडचिरोलीहून आलेल्या माणसानं कोणाला फोन लावायचा? शिवाय इंटर्न सतत बदलतात. एकाला समजावलं की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची 2012 ची सूचना आहे: पेशंट पोचल्यापासून 30 मिनिटांच्या आत वेदनाशामक द्यायचं. असा एक कागद इथल्या भिंतीवर लागावा आणि तो पाळला जावा, एवढंच मागणं. केंद्राचं सिकलसेल मिशन 2023 मध्ये सुरू झालं, 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी हवीच, पण ज्यांचा आजार आधीच माहीत आहे त्यांच्या रात्रीचं काय?

निवेदन कोणाला द्यायचं? हिवाळी अधिवेशनात काही होईल का? (यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढा, असं सुचवणारे खूप भेटले. फोटो छापून येतो, पुढे काही नाही.)

जुना सीताबर्डीकर: आधी रुग्णालय कोणाचं ते बघा. मेडिकल आणि मेयो (नागपूरची दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. चुकीच्या विभागाला दिलेलं निवेदन फिरतच राहतं. मेडिकल-मेयोसाठी अधिष्ठात्यांना (डीन) द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका: सिकलसेल क्रायसिससाठी कॅज्युअल्टीत लेखी प्रोटोकॉल आहे का, असल्यास प्रत द्या. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद.

ताई_वर्धारोड: अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना गाठून फायदा नाही, तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) बरेच आधी द्यावे लागतात. आत्ताच भेटा आणि प्रश्न तुम्हीच लिहून न्या. भाषणं नकोत, नोंदी लागतात. ग्रुपमधल्या प्रत्येकाला सांगा: केसपेपरवरची वेळ आणि पहिल्या इंजेक्शनची वेळ लिहून ठेवा. नावं झाका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचा उल्लेख निवेदनात करा. पण नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. ती लढाई याच निवेदनात घालू नका, मूळ मागणी बाजूला पडेल.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. वेळांचा तक्ता आजच ग्रुपवर टाकतो. एक विचारायचं राहिलं: केसपेपरवर वेळ लिहिलेलीच नसते अनेकदा. तेव्हा काय धरायचं?

ताई_वर्धारोड: खिडकीवर पोचताच केसपेपरचा फोटो काढा. मोबाईलमध्ये वेळ आपोआप पडते.