हुकमाशिवाय रायफल कवायत कशी साधते?

प्रश्न : अमेरिकी मरीन कोअरच्या ‘सायलेंट ड्रिल प्लटून’च्या कवायतीची चित्रफीत नुकतीच पाहिली. एनसीसीत ‘सलामी शस्त्र’ हा हुकूम कानावर पडल्यावरच आमचे हात हलत; येथे मात्र २४ जवान, संगीन लावलेल्या रायफली फिरवताना, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. मग ताल धरतो कोण?

उत्तर १ : ताल प्रत्येकाच्या मनातल्या मोजणीत असतो आणि टाचांचा व लाकडी दस्त्यावर पडणाऱ्या तळव्यांचा आवाज ती मोजणी सतत पडताळत राहतो. त्यांची एम-१ गरँड रायफल सुमारे पावणेपाच किलोची असल्याने मनगट आधी तयार करावे लागते. म्हणूनच वॉशिंग्टनच्या मरीन बॅरक्समधले हे पथक उन्हाळी संचलनांपूर्वी ॲरिझोनातील युमा येथे जाऊन सराव करते.

उत्तर २ : माझ्या मते खरी कसोटी शस्त्रतपासणीची आहे. निरीक्षक जवानाच्या हातून रायफल घेतो, गरगर फिरवतो आणि परत त्याच्याकडे भिरकावतो. समोरच्याने मान न वळवता ती झेलायची असते. पथकात मुरलेल्या जवानालाच निरीक्षकाचे हे काम मिळते, आणि ते योग्यच आहे.

उत्तर ३ : १९४८ मध्ये हे पथक प्रथम लोकांसमोर आले. आपल्याकडे एनसीसीत शिकवली जाणारी कवायत हुकमावर चालते, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करू नये. सुरुवात करायची असेल, तर रायफल न उडवता केवळ ‘बाजू शस्त्र’च्या (रायफल अंगालगत उभी धरण्याच्या) हालचाली मोठ्याने आकडे मोजत कराव्यात आणि हळूहळू आवाज बंद करावा.