सिलिकॉनचे संक्रमण: गणनेत ८ गिगापास्कल, प्रयोगात ११; चूक कुठे शोधावी?

एमएस्सी_इंदूर:
नमस्कार. सिलिकॉनवर दाब वाढवत नेला की त्याची हिऱ्यासारखी रचना मोडून धातुरूप बीटा-टिन रचना केव्हा होते, हे मी प्रकल्पासाठी क्वांटम एस्प्रेसो या संगणकप्रणालीत डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या क्वांटम पद्धतीने) काढते आहे. दोन्ही रचनांच्या एन्थॅल्पीच्या (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान; जिची कमी ती रचना स्थिर) रेषा ८ गिगापास्कलच्या थोड्या खाली छेदतात. प्रयोगात मात्र हे संक्रमण ११ ते १२ गिगापास्कलला दिसते. फंक्शनल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठीचे अंदाजी सूत्र, एलडीए आहे, के-पॉइंटची (इलेक्ट्रॉन-तरंगांची बेरीज ज्या नमुना-बिंदूंवर होते त्यांची) जाळी दोन्ही रचनांना ६×६×६ ठेवली आहे आणि बीटा-टिनचे सी/ए गुणोत्तर (स्फटिकाच्या पेटीची उंची भागिले रुंदी) ०.५५ वर बांधून टाकले आहे. पीबीई हे दुसरे फंक्शनल घेतल्यास आकडा प्रयोगाकडे सरकतो. एक वर्गमित्र म्हणतो की जे जुळते तेच वापरावे आणि मोकळे व्हावे. मला ते पटत नाही.

जाळी_आणि_कटऑफ:
पटत नाही हे बरेच आहे. ते शेवटच्या पानावरचे उत्तर पाहून गणित जुळवण्यासारखे होईल. पृथ्वीच्या केंद्रापाशी, जिथे दाब ३६० गिगापास्कलच्या घरात असतो, तिथल्या पदार्थाचे गणित करताना पडताळायला असे पान हाताशी नसते.

आधी जाळी पाहा. हिऱ्याच्या रचनेत ऊर्जापट्ट्यांत फट असते, म्हणून विरळ जाळी चालून जाते. बीटा-टिन धातू आहे, त्याच्या फर्मी पातळीपाशी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेपाशी) पट्ट्या अर्धवट भरलेल्या असतात, आणि तिथे हीच जाळी अपुरी पडते. या संक्रमणात प्रत्येक अणूमागे आकारमान सुमारे ४ घन अँगस्ट्रॉमने घटते, त्यामुळे एन्थॅल्पीतील फरकात अणूमागे १० मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक झाली तरी छेदबिंदू जवळजवळ ०.४ गिगापास्कलने हलतो. सी/ए मोकळे सोडा, कटऑफही (गणनेत किती तरंग घ्यायचे ती ऊर्जेची मर्यादा) वाढवून पाहा, कारण पेटी आक्रसताना तरंगांचा संच तोच राहिला तर दाबाचा आकडा फसवा येतो. एवढे करूनही एलडीएचे उत्तर कमीच येईल. सैल, चार शेजाऱ्यांच्या हिऱ्यासारख्या रचनेच्या तुलनेत घट्ट रचनेला ते जरा जास्तच झुकते माप देते.

माणिक_मोजणारा:
मी प्रयोगाच्या बाजूचा, त्यामुळे ११ या आकड्याविषयीच बोलतो. हिरक-ऐरणीत, म्हणजे दाब देण्याच्या उपकरणात, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, गॅस्केट नावाच्या धातूच्या पत्र्यातील बारीक छिद्रात, नमुन्याशेजारी माणकाचा एक कण ठेवलेला असतो. त्याच्या ६९४ नॅनोमीटरच्या रेषेचे सरकणे पाहून आम्ही दाब वाचतो. दाब चढवताना दिसते ते अडथळा ओलांडला गेल्याचे क्षण, समतोलाचा दाब नव्हे. दाब उतरवताना सिलिकॉन मूळ रचनेकडे परतत नाही. ते बीसी८ नावाच्या रचनेत अडकते आणि हवेच्या दाबालाही तसेच राहते. नमुन्यावर कातर ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) असेल, तर संक्रमण आधीच घडते. तेव्हा तुमच्या छेदबिंदूची तुलना ११ शी सरळ करू नये. इंदूरलाच इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) दाबाखालील क्ष-किरण विवर्तनाची सोय आहे. मार्गदर्शकांना विचारून एकदा ते काम प्रत्यक्ष पाहाच.

जाळी_आणि_कटऑफ:
एक भर घालतो. तापमान धरले की फरक मिटेल, असे वाटणे साहजिक आहे, पण इथे उलटे होते. बीटा-टिनमधली कंपने मऊ, म्हणून त्याची एन्ट्रॉपी (अणूंच्या मांडणीतली अव्यवस्था) जास्त. त्यामुळे ३०० केल्व्हिनला गणनेतला संक्रमणदाब आणखी खाली येतो.

एमएस्सी_इंदूर:
धन्यवाद. बीटा-टिनसाठी जाळी १६×१६×१६ केली आणि सी/ए मोकळे सोडले. रेषेत आधी एक विचित्र वाकडेपणा होता, तो गेला. छेद अजून ८ च्या खालीच आहे. अहवालात एलडीए आणि पीबीई दोन्ही आकडे देईन, आणि प्रयोगाचा आकडा ‘दाब चढवताना’ असे लिहून वेगळ्या स्तंभात ठेवेन. फोनॉनची, म्हणजे अणूंच्या कंपनांची, गणना विभागातल्या संगणकावर लावली आहे. मधेच वीज गेली नाही तर सोमवारपर्यंत संपेल.